कारखान्यात थ्री-फेजच का लागते? जाड वायर टाकून मोठी मोटर सिंगल फेजवर का चालवत नाहीत?

तुम्ही विचारलंय की घरामागच्या शेडमधली २ एचपीची मशीन सिंगल फेजवर बिनतक्रार चालते, आता १० एचपीचा कॉम्प्रेसर घ्यायचाय, आणि वायरमन म्हणतो थ्री-फेज मीटर घेतल्याशिवाय जमणार नाही. जाड वायर टाकली तर सिंगल फेजवर का भागू नये, आणि सगळे कारखाने थ्री-फेजच का वापरतात?

वायरमनचं म्हणणं बरोबर आहे. या प्रश्नावर बहुतेक जण ‘तांबं वाचतं’ हे पहिलं कारण सांगतात. ते खरं आहे, पण माझ्या मते ते दुसऱ्या नंबरचं. पहिलं कारण मोटर. लेथ, कॉम्प्रेसर, पंप, क्रेन, कन्व्हेयर, पंखे, सगळीकडे शेवटी मोटरच फिरते, आणि साधी, स्वस्त, वर्षानुवर्षं न उघडता चालणारी मोटर बनते ती तीन फेजमुळेच.

आधी एक गैरसमज काढून टाकू. थ्री-फेज म्हणजे तिप्पट व्होल्टेज नव्हे. आर, वाय, बी या तीन तारांपैकी कोणत्याही एका तारेत आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच असतात. दोन फेजमध्ये मोजलं की ४०० येतात, म्हणजे २३० च्या १.७३२ पट. (जुन्या आकड्यांप्रमाणे २४० आणि ४१५. मोटरच्या पाटीवर अजूनही ४१५ छापलेलं दिसतं.) तिन्ही तारांतलं व्होल्टेज सेकंदाला ५० वेळा वरखाली होतं, पण एकाच वेळी नाही. एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, आणि आर शिखरावर पोचल्यावर साधारण ६.६७ मिलिसेकंदांनी वाय, तेवढ्याच वेळाने बी. सगळी गंमत या अंतरात आहे.

सिंगल फेजमध्ये मोटरला मिळणारी ताकद सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. पॉवर फॅक्टर (व्होल्टेज आणि करंट किती एकतालात चालतात त्याचं माप) एकपेक्षा कमी असेल, आणि मोटरचा असतोच, तर प्रत्येक वेळी थोडा काळ ती शून्याच्याही खाली जाते, म्हणजे मोटर घेतलेली वीज लाईनला परत ढकलते. आता तीन फेज घ्या. आर शिखरावर असताना त्याची किंमत १ धरली, तर त्याच क्षणी वाय आणि बी दोन्ही उणे ०.५ वर असतात. हीटरसारख्या लोडमध्ये ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते: १ + ०.२५ + ०.२५ = १.५. थोड्या वेळानंतरचा क्षण घ्या, जेव्हा एक फेज ०.८६६ वर, दुसरी शून्यावर आणि तिसरी उणे ०.८६६ वर असते: ०.७५ + ० + ०.७५ = पुन्हा १.५. कुठलाही क्षण घ्या, बेरीज तीच. तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तर मशीनला मिळणारी एकूण ताकद सेकंदातल्या कुठल्याच क्षणी कमी-जास्त होत नाही. मोटरच्या बाबतीतही हेच. म्हणून थ्री-फेज मोटर कमी थरथरते, बेअरिंग आणि कपलिंगवर दर सेकंदाला शंभर धक्के बसत नाहीत, आणि ग्राइंडिंग मशीनवर पृष्ठभाग साफ येतो.

त्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दिसते. १ − ०.५ − ०.५ = ०. म्हणजे लोड सारखा असेल तर तिन्ही करंटची बेरीज शून्य, परतीच्या तारेची गरजच नाही. मोटरला तीन तारा जातात, न्यूट्रल जात नाही, याचं कारण हे.

आता मुख्य मुद्दा. मोटरच्या स्टेटरमध्ये, म्हणजे न फिरणाऱ्या बाहेरच्या भागात, तीन कॉइल एकमेकींपासून १२० अंशांवर बसवल्या आणि त्यांना या तीन फेज दिल्या, की चुंबकीय क्षेत्र आपोआप गोल फिरायला लागतं. चार पोलच्या मोटरमध्ये मिनिटाला १५०० फेरे. मध्ये ठेवलेला रोटर त्या क्षेत्राच्या मागे ओढला जातो आणि पूर्ण लोडवर साधारण १४४० फेऱ्यांनी फिरतो. रोटरला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. ब्रश नाही, कम्युटेटर नाही, कंडेन्सर नाही. लोखंडी पत्र्यांच्या खाचांत ॲल्युमिनियमच्या दांड्या ओतलेल्या, दोन टोकांना कड्या, एवढाच तो रोटर. झिजणारी वस्तू म्हणाल तर दोन बेअरिंग.

सिंगल फेजच्या एका कॉइलमध्ये क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होतं. त्यामुळे अशी मोटर स्वतःहून सुरूच होत नाही. पायाने चालवायच्या शिलाई मशीनचं चाक नेमकं अडत्या जागी थांबलं की हाताने ढकलावं लागतं, आणि ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला ते धावतं, तसंच इथे होतं. तो हात म्हणजे कंडेन्सर आणि स्टार्टिंग वाइंडिंग. तुमच्या २ एचपीच्या मशीनवर जो डबा बसवलेला दिसतो तो हाच. मोटर वेग घेतल्यावर आतला सेंट्रिफ्यूगल स्विच स्टार्टिंगचा कंडेन्सर तोडतो. या मोटरींच्या तक्रारींत हे दोनच भाग सतत येतात: कंडेन्सर फुगतो, नाहीतर स्विचचे पॉइंट चिकटतात आणि स्टार्टिंग वाइंडिंग जळतं. २-३ एचपीपर्यंत हे सगळं परवडतं. १० एचपीला कंडेन्सर, स्विच आणि मोटरचं लोखंड-तांबं इतकं वाढतं की अशी मोटर बाजारात सहज मिळतच नाही.

आता तुमच्या जाड वायरचा हिशेब. १० एचपी म्हणजे ७.५ किलोवॉट. कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर मोटर ८.५ किलोवॉट घेणार. पॉवर फॅक्टर ०.८४ धरून थ्री-फेज ४१५ व्होल्टवर प्रत्येक तारेत १४ अँपिअर, आणि सिंगल फेज २३० व्होल्टवर ४४ अँपिअर. मीटरपासून मोटरपर्यंत ६० मीटर अंतर असेल आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकली, तर थ्री-फेजमध्ये केबलमध्ये वाया जाणारी वीज १६५ वॉट आणि व्होल्टेज ड्रॉप ७ व्होल्ट, म्हणजे दोन टक्क्यांच्याही आत. त्याच केबलने सिंगल फेज दिलं तर एक किलोवॉटहून जास्त वीज केबल तापवण्यात जाईल, ड्रॉप २४ व्होल्टचा होईल आणि केबल तो करंट झेपवणारही नाही. नुकसान १६५ वॉटवरच ठेवायचं तर प्रत्येक तार सुमारे २६ चौरस मिलिमीटरची हवी. तीन तारांचं मिळून १२ चौरस मिलिमीटर तांबं विरुद्ध दोन तारांचं ५२. चौपटीहून जास्त.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या चौपटीतला मोठा वाटा फेजचा नाही, व्होल्टेजचा आहे: २३० ऐवजी ४१५ वर गेल्यामुळे करंट उतरला. व्होल्टेज दोन्हीकडे ४१५ च ठेवून तुलना केली तर थ्री-फेजला सिंगल फेजच्या ७५ टक्के तांबं पुरतं. म्हणजे निव्वळ तीन फेजची बचत पाव हिस्सा. जनरेटरपासून कारखान्यापर्यंतच्या शेकडो किलोमीटर लाईनवर पाव हिस्सा धातू वाचणं ही मोठी रक्कम आहेच, पण तुमच्या शेडपुरतं मोटरचं कारण जास्त वजनदार.

आणि सुरुवातीचा झटका वेगळाच. थेट लाईनवर सुरू होताना मोटर सहा-सात पट करंट ओढते. सिंगल फेजवर ४४ चे अडीचशेच्या वर अँपिअर होतात, तेही एकाच फेजवर. त्या फेजवरच्या सगळ्या घरांतले दिवे दर वेळी मंद होतील. थ्री-फेजमध्ये स्टार-डेल्टा स्टार्टर (वाइंडिंग आधी स्टारमध्ये, म्हणजे एकेक टोक एकत्र बांधून, आणि वेग आल्यावर डेल्टात, म्हणजे त्रिकोणात जोडणारा) वापरला की लाईनमधला सुरुवातीचा करंट एक तृतीयांश होतो. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तोही एक तृतीयांशच होतो, त्यामुळे कॉम्प्रेसर सुरू होताना सिलिंडरवरचा दाब सोडणारा अनलोडर चालू आहे ना, हे बघून घ्या. दाबाखाली अडकलेला कॉम्प्रेसर स्टारमध्ये उचलणार नाही.

मग तीनच का, दोन किंवा सहा का नाहीत? दोन फेजच्या यंत्रणा होत्या. १८९५ मध्ये सुरू झालेलं नायगारा धबधब्यावरचं वीजकेंद्र दोन फेजचंच होतं. पण दोन फेजला चार तारा लागतात, किंवा तीन तारांत भागवायचं तर मधली तार १.४१ पट करंट झेलणारी हवी. सारख्या जाडीच्या कमीत कमी तारांत स्थिर ताकद आणि फिरतं क्षेत्र हे दोन्ही द्यायला तीनच लागतात. आणि तीनच्या पुढे फायदा आटतो. वाइंडरच्या भाषेत सांगायचं तर स्टेटरच्या सगळ्या खाचा एकाच फेजच्या तारेने भरल्या तर तिच्या व्होल्टेजचा ६४ टक्केच भाग हाती लागतो, तीन फेजमध्ये ९५.५ टक्के, सहा फेजमध्ये ९९. एकवरून तीनवर उडी मोठी, तीनवरून सहावर जेमतेम साडेतीन टक्के, आणि त्यासाठी तारा, इन्सुलेटर, ब्रेकर सगळं दुप्पट.

हे जगाला पटलं १८९१ मध्ये. दोलिवो-दोब्रोवोल्स्की या अभियंत्याने थ्री-फेज मोटर आणि ट्रान्सफॉर्मर उभे केले आणि जर्मनीत लाउफेनहून सुमारे १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात थ्री-फेज वीज पोचली. आपल्याकडे १९१५ मध्ये टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं ते प्रामुख्याने मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी. अपवाद वाटावा असं उदाहरण रेल्वेचं: डोक्यावर एकच तार, त्यामुळे इंजिनाला मिळते सिंगल फेज २५ किलोव्होल्ट. पण आधुनिक इंजिनं आणि मुंबईच्या नव्या लोकल ती आत घेऊन इलेक्ट्रॉनिक्सने तीन फेज बनवतात, कारण चाकांना फिरवणाऱ्या मोटरी थ्री-फेजच आहेत.

आता ज्याबद्दल फार कमी सांगितलं जातं ते. वरचे सगळे फायदे तिन्ही फेज हजर आणि सारख्या असतील तरच. त्यातली एक गेली की हीच दणकट मोटर काही मिनिटांत जळू शकते.

किटकॅटमधली (चिनी मातीच्या फ्यूज-होल्डरमधली) एक फ्यूज उडाली, किंवा कॉन्टॅक्टरचा (स्टार्टरमधल्या चुंबकी स्विचचा) एक पॉइंट झिजला, की चालती मोटर थांबत नाही. ती उरलेल्या दोन फेजवर तेवढंच काम ओढत राहते आणि करंट १.७३ पट होतो. तुमची १० एचपीची मोटर डेल्टात असेल. पूर्ण लोडवर लाईनला १४ अँपिअर असताना आतल्या प्रत्येक वाइंडिंगमध्ये ८.१ असतात. एक फेज गेली की लाईनमध्ये २४, आणि तो विभागून एका वाइंडिंगमध्ये १६, इतर दोघींत ८. एकीवर दुप्पट भार, दोघींना पत्ताही नाही. पूर्ण लोड असेल तर ओव्हरलोड रिले (जास्त करंट दिसला की मोटर बंद करणारा) ट्रिप होईल. खरा धोका कमी लोडवर आहे. मोटर ८.४ अँपिअर घेत असताना फेज गेली तर लाईनचा करंट १४.५ होतो. १४ वर लावलेल्या रिलेला त्यात फारसं वावगं दिसत नाही, पण एका वाइंडिंगमध्ये ९.७ अँपिअर चाललेत, तिच्या क्षमतेपेक्षा २० टक्के जास्त. ती हळूहळू भाजून निघते. म्हणून स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मेन कॉन्टॅक्टरनंतर, वाइंडिंगच्या वाटेवर बसवतात आणि लाईन करंटच्या ५८ टक्क्यांवर लावतात. तुमच्यासाठी १४ × ०.५८, म्हणजे ८.१. तिथे १४ वर लावून ठेवलेला रिले मोटर जळेपर्यंत गप्प राहील.

जळालेली मोटर उघडली की काय झालं ते वाइंडिंगच सांगते. डेल्टाच्या मोटरमध्ये एका फेजचे गट काळे आणि दोन फेजचे स्वच्छ, किंवा स्टारच्या मोटरमध्ये दोन फेज काळ्या आणि एक स्वच्छ, तर सिंगल फेजिंग, म्हणजे एक फेज गेलेली असताना मोटर चालली. तिन्ही सारख्या काळ्या असतील तर ओव्हरलोड, कमी व्होल्टेज किंवा बंद पडलेला पंखा. रिवाइंडिंगला टाकण्याआधी हे बघाच. नाहीतर नवी वाइंडिंगही त्याच वाटेने जाईल.

प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण) घेताना करंटवर चालणारा घ्या. नुसतं व्होल्टेज बघणारा फसतो, कारण चालती मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच बरंचसं व्होल्टेज तयार करते, आणि स्टार्टर ते मोटर या टप्प्यात तार तुटली तर त्याला ते कळतच नाही.

गावाकडे दिसणारा आणखी एक प्रकार: डीपीवर, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर, ११ केव्हीच्या (११,००० व्होल्टच्या) बाजूची एक फ्यूज गेली. तेव्हा खालच्या बाजूला एक फेज पूर्ण २३० वर आणि दोन फेज जवळपास ११५ वर येतात. तिन्ही बल्ब पेटतात, दोन मंद, आणि लोक म्हणतात ‘तिन्ही फेज आहेत, व्होल्टेज कमी आहे’. पण फेज-फेज मोजलं तर ३४५, ३४५ आणि शून्याच्या आसपास येतं. तिन्ही एकाच तालावर वरखाली होतात, त्यामुळे क्षेत्र फिरतच नाही. मोटर नुसती गुरगुरते. अशा वेळी स्टार्टर पुन्हा पुन्हा दाबू नका. थ्री-फेजच्या वेळेबाहेर कंडेन्सर लावून शेतीपंप दोन फेजवर ओढणं हेही यातलंच. कंडेन्सर तिसऱ्या फेजचा आभास देतो, पण तिन्ही करंट कधी सारखे होत नाहीत आणि मोटर दर वेळी थोडी थोडी भाजते.

फेज न जाताही असमतोल त्रास देतो. मोटरच्या टर्मिनलवर, लोड चालू असताना, तिन्ही फेज-फेज व्होल्टेज मोजा. समजा ४१५, ४०८, ३९७ आले. सरासरी ४०६.७, सर्वात लांबचा आकडा ३९७, फरक ९.७, म्हणजे २.४ टक्के असमतोल. ऐकायला किरकोळ वाटतं, पण व्होल्टेजमधला एक टक्का असमतोल करंटमध्ये सहा ते दहा टक्के होऊन बसतो. एक टक्क्याच्या वर गेलात की मोटर पूर्ण क्षमतेने वापरू नये, पाचच्या वर असेल तर चालवूच नये. असमतोल लाईनचा की मोटरचा, हे शोधायची सोपी युक्ती: मेन बंद करून तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवा, आरच्या जागी बी, वायच्या जागी आर, बीच्या जागी वाय. फिरण्याची दिशा बदलत नाही. पुन्हा टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) लावा. जास्तीचा करंट त्याच लाईन फेजबरोबर राहिला तर दोष लाईनमध्ये, वाइंडिंगच्या त्याच टोकावर राहिला तर मोटरमध्ये. दोनच तारा अदलाबदल केल्या तर मात्र मोटर उलटी फिरेल. पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी देतो, त्यामुळे लवकर लक्षात येत नाही. स्क्रू कॉम्प्रेसर उलटा फिरला तर काही क्षणांत खराब होतो. तुम्ही स्क्रू घेत असाल तर फेज सिक्वेन्स रिले (फेजचा क्रम उलटा असेल तर मशीन सुरू होऊ न देणारा) आहे याची खात्री करा.

शेडमधला असमतोल बहुतेक वेळा आपणच केलेला असतो: सगळे दिवे, पंखे आणि ऑफिसचा एसी एकाच फेजवर, आणि दोन फेजवर चालणारं वेल्डिंग मशीन. भर कामाच्या वेळी तिन्ही फेजचा करंट मोजा आणि सिंगल फेजचा लोड वाटून द्या. न्यूट्रलचा जोड मात्र सगळ्यात घट्ट हवा. तो तुटला की दोन फेजवरचे लोड ४०० व्होल्टवर एकामागे एक जोडले जातात. एका फेजवर २००० वॉटचा हीटर आणि दुसऱ्यावर २०० वॉटचे दिवे असतील, तर हीटरला ३६ व्होल्ट आणि दिव्यांना ३६४ मिळतील. न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा एकटा तुटणारा स्विच कधीच लावू नका.

तुमच्या १० एचपीसाठी थ्री-फेज जोडणी घ्या. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची आर्मर्ड केबल, तीन पोलचा एमसीबी (एक फेज बिघडली तर तिन्ही एकदम तुटतात, किटकॅटमध्ये तसं होत नाही), स्टार-डेल्टा स्टार्टर, करंटवरचा प्रिव्हेंटर, आणि मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग. मोटरच्या पाटीवर ‘डेल्टा ४१५’ लिहिलेलं हवं. ‘स्टार ४००, डेल्टा २३०’ अशी पाटी असलेली मोटर या स्टार्टरला लावली तर डेल्टात गेल्यावर जळेल.

जोडणी मिळायला वेळ लागणार असेल आणि ३ एचपीपर्यंतच्या कॉम्प्रेसरवर सध्या भागत असेल, तर सिंगल फेज घेऊन तीन फेज देणारा ड्राइव्ह मिळतो. तो २३० व्होल्टच्या तीन फेज देतो, म्हणून तिथे नेमकी ‘स्टार ४००, डेल्टा २३०’ वालीच मोटर लागते, सहाही टोकं बाहेर काढलेली, आणि ती डेल्टात जोडायची.